'फाइन' म्हणजे छान की 'बरं, पुरे आता'?

प्रश्न:
शाळेत पाठ केलं होतं, फाइन म्हणजे छान, उत्तम. आता कामानिमित्त रोज इंग्रजीत बोलावं लागतं आणि सगळा घोळ झालाय. काल विचारलं, फाइल शुक्रवारऐवजी सोमवारी दिली तर चालेल का, तर समोरून नुसतं 'फाइन.' पुढे टिंब. मी अर्धा तास त्या टिंबाकडे बघत बसलो, होकार आहे की राग आलाय? वर दुसऱ्याला विचारलं अजून माहिती पाठवू का, तर म्हणे 'आय अ‍ॅम फाइन', अरे तब्येत कुठे विचारली मी!

उत्तर १:
दुसरं सोपं आहे, तिथे त्याचा अर्थ 'नको, आहे तेवढं पुरे'. फाइन पेंटिंग म्हटलं की कौतुकच असतं पण 'इट्स फाइन' म्हणजे आपलं 'ठीके, चालेल', त्यामुळे कोणी तुमच्या कामाला इट्स फाइन म्हटलं तर फार हुरळून जाऊ नका. टिंबाचं मात्र माणसावर आहे. चॅटमध्ये एकट्या शब्दापुढे टिंब दिसलं की बऱ्याच जणांना ते तुटक वाटतं, पण काहींना सवयच असते.

उत्तर २:
आणि कृपा करून 'आय अ‍ॅम व्हेरी फाइन' म्हणू नका, कानाला खटकतं. व्हेरी वेल म्हणा.

उत्तर ३:
गंमत म्हणजे दंडाचा फाइन पण याच घरातला. मूळ लॅटिन शब्द फिनिस, म्हणजे शेवट, त्यातूनच फिनिश आणि फायनल आले. शेवटापर्यंत नेलेलं, कसर न ठेवलेलं काम ते फाइन, म्हणून उत्तम, आणि त्याच अंगाने पुढे नाजूक, बारीक, म्हणून बारीक वाळू फाइन सँड आणि करारातली ती डोळे फोडणारी बारीक अक्षरं फाइन प्रिंट. दंड कसा, तर पैसे भरले की भानगड मिटली, संपली. वादावादीत कोणी 'फाइन!' म्हणून फोन ठेवतं ना, मला तर त्यातही तोच शेवट ऐकू येतो, विषय संपला.

प्रश्नकर्ता:
त्याचे जुने मेसेज काढून बघितले. 'ओके.' 'थँक्स.' 'हॅपी बर्थडे.' सगळीकडे टिंब. सोमवारी देतो फाइल.