बाळंतपण कुठे करायचे, हे तुमच्या घरी कसे ठरले?

नागपूर जिल्ह्यातील गावांत राहणाऱ्या किंवा तेथून आलेल्या स्त्रियांनी आपला अनुभव लिहावा, ही विनंती. डॉक्टरांच्या सल्ल्याइतकेच घरात काय बोलणे झाले, तेही लिहावे.

देवलापार परिसर, रामटेक तालुका
मला सिकलसेलचा, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्र जवळ असूनही रक्तपेढीची सोय असलेल्या ठिकाणीच जावे लागेल, असे नर्सबाईंनी फार आधी बजावले होते. सासूबाईंची सगळी बाळंतपणे घरीच दाईच्या हातून झालेली असल्याने त्यांना हे पटत नव्हते. गावच्या आरोग्य कार्यकर्त्या असलेल्या आशाताईंनी मग वाद न घालता पुढच्या तपासणीला त्यांनाच सोबत नेले आणि रक्ताचा अहवाल डॉक्टरांकडून समजावून घ्यायला लावला. त्यानंतर नागपूरच्या मेडिकलला, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जायचे, हे सासूबाईंनीच शेजारीपाजारी सांगायला सुरुवात केली. कळा सुरू झाल्यावर घाटरस्त्याने निघायला नको म्हणून मी नववा महिना नणंदेच्या नागपुरातील खोलीवर काढला. अशी खोली सगळ्यांना कुठून मिळणार?

कुही तालुका
पहिले बाळंतपण माहेरी, हे गृहीतच होते. मात्र नोंदणी आणि तपासण्या सासरच्या गावी झालेल्या असल्याने माता-बाल संरक्षण कार्ड आणि सोनोग्राफीचे कागद आईने स्वतःच्या पिशवीत ठेवले होते.

काटोल तालुका
सरकारी दवाखान्यात बायकांवर ओरडतात, या भीतीने आम्ही खासगी दवाखाना निवडला. सिझरचे बिल संत्र्याच्या बागेवर उचल घेऊन भरले. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे 2011 पासून सरकारी रुग्णालयात सिझर, औषधे, रक्त आणि जेवण मोफत असते, हे ठाऊक असते तरी माझ्या नवऱ्याने तेच केले असते, आणि त्याला मी दोष देत नाही. बोलणी खाण्याची भीती बिलापेक्षा मोठी असू शकते.

आशा कार्यकर्ती, भिवापूर तालुका
दवाखान्यात बाळंत होणाऱ्यांसाठीच्या जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागातील पात्र स्त्रीला मिळणाऱ्या 700 रुपयांवर कोणी दवाखाना ठरवत नाही. 102 क्रमांकाची सरकारी रुग्णवाहिका वेळेवर येईल का, याची चौकशी घरचे करतात. पण दुसऱ्या खेपेच्या बाईला मी आधी एवढेच विचारते, की तुम्ही डागाला (नागपूरच्या सरकारी स्त्री रुग्णालयात) गेलात तर मोठ्या लेकराजवळ रात्री कोण थांबेल? ज्या घरात याचे उत्तर नसते, तिथली बाई कळा अंगावर काढत शेवटच्या घटकेपर्यंत घर सोडत नाही.