घरचं ब्रॉडबँड आणि ओटीटी: नाशिककरांनो, अनुभव लिहा

धागाकर्ती, इंदिरानगर

डिशचं रिचार्ज या महिन्यात संपतंय आणि यापुढे ते भरायचं नाही, यावर आमच्या घरात चक्क एकमत झालंय. सासूबाईंच्या मालिका झी५ आणि जिओहॉटस्टारवर मिळतात, सासरे क्रिकेटशिवाय काही बघत नाहीत आणि पोरं टीव्ही लावतात तीच मुळी यूट्यूबसाठी. सध्या सगळं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चाललंय, पण ते काही खरं नाही.

सोसायटीच्या गेटवर दर आठवड्याला नवं पत्रक. ३० एमबीपीएसपासून ३०० पर्यंत, आणि प्रत्येकावर ‘ओटीटी फ्री’. कुठली कंपनी चांगली, हे मी विचारत नाहीये. त्याचं उत्तर गल्लीगणिक बदलतं आणि नावं घेऊन भांडणं लागली की धागा भरकटतो. तेव्हा नावं टाळून लिहा: घरात टीव्ही किती, काय बघता, कितीचा प्लॅन घेतलात, पुरतो का, बिल खरं किती येतं, आणि लाइन बंद पडली की कोण येतं. शेवटचं जरा सविस्तर लिहा.

गंगापूर रोड

दोन टीव्ही, दोन लॅपटॉप, दोघांचंही घरून काम. १०० चा प्लॅन आहे आणि तोही उरतो.

नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं की एचडीला ३ एमबीपीएस, फुल एचडीला ५ आणि फोरकेला १५ पुरतात. दोन्ही टीव्हींवर एकाच वेळी फोरके लावलं तरी ३०. त्यावर मोबाइल आणि ऑफिसचे कॉल धरा, ५० झाले. ३०० ज्यांना लागतं ते लोक वेगळे. मोठमोठे गेम उतरवणारे, व्हिडिओ एडिट करून वर चढवणारे. मालिका बघायला ३०० विकणाऱ्याला मी तरी दारातूनच नमस्कार करतो.

आमची खरी अडचण प्लॅनमध्ये नव्हतीच. हॉलमध्ये ९० च्या पुढे मिळायचं आणि आतल्या खोलीत १२. मध्ये दोन भिंती आणि एक गोदरेजचं कपाट. राउटरचे दोन बँड असतात. २.४ गिगाहर्ट्झचा लांब पोचतो, पण इमारतीतल्या सगळ्यांचे राउटर त्याच बँडवर गर्दी करतात. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान, पण भिंत आली की ढेपाळतो. लाइन जोडायला येणारा मुलगा वायर वाचवायला राउटर दाराजवळच ठोकून जातो. त्याला तिथे थांबवा आणि वायर टीव्हीपर्यंत ओढून घ्या. थोडे जास्त पैसे मागेल, द्या. आम्ही हॉलच्या टीव्हीला सरळ लॅनची वायर लावली आणि आतल्या खोलीसाठी दुसरा राउटर घेतला. तेव्हापासून बफरिंग नाही.

आणखी एक, जे विकणारा सांगत नाही: बऱ्याच स्मार्ट टीव्हींचं लॅन पोर्टच १०० एमबीपीएसचं असतं. वायर लावून ३०० चा प्लॅन घेतलात तरी टीव्हीच्या वाट्याला १०० च्या वर काही येत नाही.

स्पीड मोजायचा तर रात्री नऊला मोजा. फास्ट डॉट कॉम ही साइट नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून वेग मोजते, त्यामुळे ओटीटीसाठी तो आकडा जास्त उपयोगाचा.

जेल रोड, नाशिकरोड

मी प्रेसमधून निवृत्त. घरात आम्ही दोघेच, टीव्ही एक. ४० एमबीपीएसची लाइन घेतली आहे, काही कमी पडत नाही. मला फक्त हिशेबाचे लिहायचे आहे.

पत्रकावरील रकमेत जीएसटी बहुधा धरलेला नसतो. ४९९ वर १८ टक्के लावले की ५८८ रुपये ८२ पैसे होतात. ९९९ चे ११७८ रुपये ८२ पैसे. ‘सहा महिने एकदम भरा, इन्स्टॉलेशन फुकट’ अशी योजना असते तेव्हा ४९९ च्या प्लॅनचे २९९४ नव्हे, ३५३२ रुपये ९२ पैसे द्यावे लागतात. राउटरचे डिपॉझिट वेगळे असेल तर त्याची पावती जपून ठेवावी आणि ते परत मिळणारे आहे असे लिहून घ्यावे. ‘हा दर पहिल्या सहा महिन्यांपुरता आहे का?’ हा प्रश्न मुद्दाम विचारावा. समोरचा क्षणभर थांबला तर समजून जावे.

डिश काढल्याने पैसे वाचतात असे म्हणणाऱ्यांनी ओटीटीच्या वर्गण्या त्यात मिळवून पाहाव्यात. आमचे वाचले नाहीत, खर्च जवळपास तेवढाच राहिला. पण हवे ते हवे तेव्हा पाहता येते, हे खरे. बातम्यांच्या बहुतेक मराठी वाहिन्या यूट्यूबवर थेट दिसतात, आणि सह्याद्री वाहिनी प्रसार भारतीच्या ‘वेव्हज’ या ॲपवर. त्यासाठी वेगळी वर्गणी घेऊ नये.

पंचवटी

मी याच धंद्यातला, ते आधीच सांगतो. पूर्वी केबल टाकायचो, आता फायबर ओढतो.

गंगापूर रोडवाल्या भाऊंचं गणित बरोबर आहे, पण ते घराच्या आतलं. बाहेरचं मी सांगतो. एका फायबरवर साधारण अडीच जीबीपीएस, म्हणजे २५०० एमबीपीएस येतात आणि ते स्प्लिटर लावून ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. ६४ घरांना १०० चा प्लॅन विकला तर कागदावर ६४०० एमबीपीएस झाले. तरी चालतं, कारण सगळे एकदम पूर्ण ओढत नाहीत. अडतं ते पुढे. तुमच्या ऑपरेटरने स्वतः वरून किती बँडविड्थ घेतलीय, तिथे. रात्री साडेआठ ते अकरा या वेळात ज्याची लाइन मंदावते, त्याने तिथे कंजुषी केलेली असते. प्लॅन वाढवून ते सुटत नाही, तुम्ही फक्त त्याच गर्दीत महागाचं तिकीट काढून उभे राहता.

दुसरं म्हणजे कॅशे. नेटफ्लिक्स आणि गूगल आपली मशीनं मोठ्या इंटरनेट कंपन्यांच्या नेटवर्कमध्येच ठेवतात. तुमचा पिक्चर तिथून जवळून येतो. सगळ्या ॲपचं तसं नसतं. म्हणून ‘यूट्यूब सुसाट पण मालिकेचं ॲप अडकतं’ ही तक्रार आम्ही रोज ऐकतो. ताई, लाइन घेण्याआधी ज्या शेजाऱ्याकडे तीच लाइन आहे त्याच्याकडे रात्री नऊला जा आणि सासूबाईंची मालिका लावून बघा. चहा घेऊन या, पत्रक वाचण्यापेक्षा जास्त कळेल.

आता लाइन बंद पडण्याचं. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते उकरणं चालू आहे. जेसीबीचा दात फायबरला लागला की आख्खी गल्ली बंद. मग तुटलेलं फायबर जोडायचं स्प्लायसिंग मशीन घेऊन माणूस यावा लागतो. तो माणूस नाशिकमध्ये बसतो की कॉल सेंटरच्या रांगेतून येतो, हे विचारा. स्थानिक ऑपरेटरचा हाच एक फायदा: त्याचं दुकान तुम्हाला माहीत असतं. बदल्यात त्याचं ॲप नसतं, बिल व्हॉट्सॲपवर येतं आणि लग्नसराईत तो फोन उचलत नाही. (माझ्याकडून हे कबूल.)

लाइन जोडून झाली की पॉवर मीटरवरचा आकडा दाखवायला सांगा. फायबरमधून तुमच्यापर्यंत प्रकाश किती पोचतो, ते त्यावर कळतं. उणे २० च्या आसपास असेल तर छान. उणे २७ च्या खाली गेला तर आज चालेल, पण वायर जरा वाकली की लाल दिवा. कपाट सरकवताना फायबर दाबू नका, निम्म्या तक्रारी त्याच्याच.

धागाकर्ती, इंदिरानगर

पंचवटीवाल्या दादांचे आभार, पॉवर मीटरचं माहीतच नव्हतं. ‘ओटीटी फ्री’वर कोणी लिहाल का? एका पत्रकावर वीस-बावीस ॲप आहेत. निम्म्यांची नावं मी पहिल्यांदा वाचली.

सिडको, उत्तमनगर

मी लिहिते, कारण याच लोभाने आम्ही मोठा प्लॅन घेतला होता.

यादी लांबलचक असते, त्यातली उघडली जातात तीन. मराठीपुरतं बोलायचं तर झी मराठीसाठी झी५, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीसाठी जिओहॉटस्टार, सोनी मराठीसाठी सोनीलिव्ह. ही तीन यादीत आहेत का बघा, बाकीची सोडून द्या.

मग बघायचं की त्या ॲपचा *कुठला* प्लॅन देतायत. नेटफ्लिक्सचा मोबाइल प्लॅन टीव्हीवर चालतच नाही. बेसिक चालतो, पण ७२० पी आणि एका वेळी एकच स्क्रीन. म्हणजे फोरके टीव्ही, १०० ची लाइन आणि वर बेसिक, तर चित्र ७२० पीचंच दिसणार. त्या पत्रकावर ‘नेटफ्लिक्स’ एवढंच मोठ्या अक्षरात होतं, बाकीचं खाली बारीक टायपात. आणि ही वर्गणी प्लॅनला बांधलेली. प्लॅन खाली आणला की ॲप गेली.

आता साधा प्लॅन आहे आणि लागतील ती ॲप वर्षाची वेगळी घेतो. आयपीएलच्या दिवसांत एक वाढतं, नंतर बंद. माझ्या मते हेच बरं, पण ज्यांच्या घरी तिन्ही ॲप बारा महिने चालतात त्यांना एकत्र घेणं स्वस्त पडेल. कॅल्क्युलेटर घेऊन बसा.

दिंडोरी तालुका, मळ्यातून

तुमच्याकडे निवडायला तीन कंपन्या तरी आहेत. आमच्या वस्तीवर फायबर आलेलं नाही. रस्त्यापासून आत बागांतून वायर ओढायला कोणी तयार होत नाही, आणि ओढली तरी ट्रॅक्टरच्या एखाद्या फेरीत तुटायची. म्हणून फाइव्हजीवरचं एअरफायबर घेतलं. घरावर पांढरा डबा बसवतात, खाली राउटर.

टॉवर समोर दिसतोय तोवर मजेत चालतं. फुल एचडीला काही अडचण नाही. जोराचा पाऊस आला की वेग उतरतो, बंद मात्र क्वचित पडतं. बघायचं ते डेटा लिमिटचं. फायबरच्या ‘अनलिमिटेड’ला खूप ठिकाणी महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते, ती कोणाची संपत नाही. आमच्या प्लॅनला १००० जीबी. एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत जातात आणि फोरकेला ७. म्हणजे १००० जीबीत फोरके १४० तास. रोजचे पाच तास सुद्धा नाहीत. कसोटी सामना आणि पोरांची सुट्टी एकाच महिन्यात आली की शेवटच्या आठवड्यात स्पीड उतरतो आणि मग घरात चौकशी आयोग बसतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन दर्जा फुल एचडीवर आणून ठेवलाय. आमच्या ४३ इंची टीव्हीवर फरक कोणाला कळला नाही, मी सांगितलंही नाही.

फायबर आलं तर उद्या बदलेन.

कॉलेज रोड

चौघं मित्र, भाड्याचा फ्लॅट, टीव्ही नाही, सगळं लॅपटॉपवर. ६० चा प्लॅन चौघांत. माणशी दीडशेच्या आसपास पडतात. एकच सल्ला: भाडेकरू असाल तर महिन्या-महिन्याचाच प्लॅन घ्या. घर बदलल्यावर ‘तुमच्या नव्या एरियात आमची लाइन नाही’ असं ऐकावं लागतं आणि वर्षाचे भरलेले पैसे अडकतात.

आणि मॅच ओटीटीवर बघणार असाल तर शेजाऱ्यांची खिडकी लावून घ्या. डिशवाल्यांची विकेट आपल्याआधी पडते. कितीचाही प्लॅन घ्या, हे जात नाही.

सध्या पुणे, आई-बाबा म्हसरूळला

माझा अनुभव लांबून घर सांभाळण्याचा. आई-बाबांकडे १०० ची लाइन, तरी बाबांची तक्रार की चित्र धुरकट दिसतं. कंपनीचा माणूस दोनदा येऊन ‘स्पीड बरोबर आहे’ सांगून गेला, आणि तो खरंच बरोबर होता. दोष टीव्हीला लावलेल्या अँड्रॉइड बॉक्समध्ये निघाला. ओटीटीवाले एचडी चित्र फक्त प्रमाणित उपकरणांना देतात. त्याला वाइडव्हाइन एल१ म्हणतात. ते नसेल तर लाइन कितीही वेगवान असो, बहुतेक ॲपवर ४८० पीच दिसतं. बॉक्स बदलून नावाजलेल्या कंपनीची स्टिक लावली आणि त्याच लाइनवर चित्र स्वच्छ झालं. जुना टीव्ही असणाऱ्यांनी प्लॅन वाढवण्याआधी हे तपासा.

दुसरं, नेटफ्लिक्सचं खातं मी पुण्यात आणि ते नाशिकला असं वापरत होतो. जुलै २०२३ पासून ते भारतात एका घरापुरतंच धरलं जातं आणि घर ते इंटरनेट कनेक्शनवरून ओळखतात. मुलं बाहेरगावी असतील तर हा खर्च दोनदा धरा.

पाथर्डी फाटा

ताईंनी ‘बंद पडली की कोण येतं’ विचारलंय. आमच्याकडे मागच्या पावसाळ्यात बराच काळ कोणीच आलं नाही. फोनवर ‘चोवीस तासांत होईल’ हे रोज नव्याने ऐकायचो. शेवटी उपयोग झाला तो लेखी मार्गाचा. फोनवर तक्रार केली की डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, घ्यायचाच, तोंडी आश्वासनावर फोन ठेवायचा नाही. तो नंबर लावून कंपनीच्या अपिलेट ऑथॉरिटीकडे, म्हणजे तक्रारीवर अपील ऐकणाऱ्या वरच्या अधिकाऱ्याकडे, मेल करायचा. पत्ता कंपनीच्या साइटवर असतो. ट्राय ही दूरसंचार नियामक संस्था वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तिथे लिहिण्यात वेळ घालवू नका. कंपनीने ऐकलंच नाही तर दूरसंचार विभागाच्या तक्रार पोर्टलवर जायचं. मेल गेल्यावर आमच्याकडे माणूस आला, आणि पुढच्या महिन्यात भाडं वळतं केलं.

मोबाइलसारखं पोर्ट करणं इथे नसतं. कंपनी बदलायची तर नवी लाइन आधी घ्या, दोन-चार रात्री चालवून बघा, मग जुनी तोडा.

देवळाली कॅम्प

लाइट गेल्यावर काय करता? आमच्याकडे टीव्ही इन्व्हर्टरवर आहे, पण राउटर दुसऱ्या खोलीत. प्रत्येक वेळी नेट जातं आणि परत यायला पाच मिनिटं.

पंचवटी

राउटरचा मिनी यूपीएस घ्या, कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात मिळतो. फक्त ॲडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपियर आधी बघा, बहुतेक १२ व्होल्ट असतात, अँपियर वेगवेगळे. फायबरचा मोडेम आणि राउटर असे दोन डबे असतील तर दोन्हींना बॅकअप लागतो. नुसत्या राउटरला लावलं तर वायफाय दिसेल, नेट नसेल. आणि हो, लाइट गेली तरी आमच्या बाजूचं मशीन बॅटरीवर चालू असतं का, हे ऑपरेटरला विचारून ठेवा. गल्लीतला स्विच बंद पडला तर तुमच्या यूपीएसचा काही उपयोग नाही.

देवळाली कॅम्प

दोन डबे आहेत. उद्या ॲडॅप्टरचे फोटो टाकतो.