वाचन-लेखन शिकवण्यातच एम.ए. करायचंय, कुठलं घेऊ?

नमस्कार. गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत अकरा वर्षं शिकवतेय. डी.एल.एड. आणि मराठीत बी.ए. झालंय. पहिली-दुसरी माझ्याकडे. मुलं घरी कोंकणी बोलतात, पुस्तक मराठी. (भाषावाद इथे नको, त्याला दुसरे धागे आहेत.)

गेल्या महिन्यात तपासणीला साहेब आले होते. दुसरीतल्या मुलाला वाक्य दिलं, "विहिरीत पाणी आहे." शेजारी चित्र. त्याने प्रत्येक शब्दावर बोट ठेवून वाचलं, "बांयंत उदक आसा." म्हणजे तेच, पण कोंकणीत. साहेबांनी फुली मारली. मग एका मुलीने तेच वाक्य खणखणीत, जसंच्या तसं वाचलं. बरोबरची खूण. साहेब गेल्यावर मी तिला विचारलं, विहीर म्हणजे काय गं? माहीत नाही म्हणाली.

मला वाटलं, अर्थ कळलेल्याला फुली कशी? पण तसं ठामपणे सांगायला माझ्याकडे अभ्यास नाही. डी.एल.एड.ला अक्षरओळख, बाराखडी, जोडाक्षरं हा क्रम शिकवला. मूल चुकलं तर त्या चुकीवरून काय ओळखायचं, हे कुणी शिकवलं नाही. तेच शिकायचंय.

शोधाशोध केली. एम.एड. दोन वर्षांचं, बिनपगारी रजा काढावी लागेल, घरी परवडणार नाही. इग्नूचं एम.ए. एज्युकेशन नोकरी सांभाळून होईल, पण त्यात तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, समाजशास्त्र असं सगळंच थोडं थोडं. अमेरिकेतल्या विद्यापीठांचे वाचनशिक्षणातले ऑनलाइन मास्टर्स पाहिले तर हवं ते नेमकं तिथेच: वाचनाची चाचणी, अडचणीचं निदान, प्रत्यक्ष मुलांबरोबर देखरेखीखाली काम. साधारण 30 ते 36 क्रेडिट. पण फी डॉलरमध्ये, आणि सगळी मांडणी इंग्रजीच्या 26 अक्षरांवर. माझी पोरं अडतात ती वेलांटी-उकारात, नाहीतर 'क्ष'पाशी. त्याचं उत्तर तिथे मिळेल का?

कुणी असं काही केलंय का? विशेषतः गोव्यातून, नोकरी करत?

खडूधूळ:
इग्नूचं मी केलंय, फोंड्याहून. ते एम.ए. आहे, एम.एड. नव्हे, हे आधी ध्यानात घ्या. पुढे अध्यापक विद्यालयात शिकवायचं मनात असेल तर तिथे कुठली पदवी चालते ते आधी विचारून घ्या. तुमच्यासारखं वर्गासाठीच शिकायचं असेल तर चालेल. दुसऱ्या वर्षी लघुप्रबंध असतो, त्यात स्वतःचा वर्गच विषय म्हणून घ्या. बाकीचे पेपर मात्र निमूट लिहायचे. अमेरिकेतली पदवी नको. तिथल्या शाळांत 'रीडिंग स्पेशालिस्ट' हे पद असतं, म्हणून ती पदवी तिथे उपयोगी. आपल्याकडे ते पदच नाही.

माडाबुडी:
बाई, पदवीचं नंतर. त्या मुलाने वाचलं की चित्र पाहून सांगितलं? चित्र झाका आणि शब्द एक बदला. केनेथ गुडमन या अमेरिकी अभ्यासकांनी 1960च्या दशकात अशा चुका टिपून अभ्यासायची पद्धत मांडली, ती उपयोगाची आहे. पण संदर्भावरून अंदाज करणं म्हणजेच चांगलं वाचन, हे त्यांचं म्हणणं पुढच्या संशोधनात टिकलं नाही. 1986 साली गफ आणि टनमर या संशोधकांनी सोपं सूत्र दिलं: आकलन म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. गुणिले, अधिक नव्हे. एक शून्य असेल तर सगळं शून्य. तुमच्या त्या दोघांत एकेक बाजू लंगडी दिसतेय.

आणि इंग्रजीतलं तसंच्या तसं उचलू नका. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर काम केलंय. आपल्या लिपींत अक्षरसंच इतका मोठा की तो पक्का व्हायला पहिलीनंतरही काही वर्षं जातात. मराठीवरचं हवं असेल तर 'लिरिल' हा वाचन-लेखनावरचा संशोधन प्रकल्प बघा, पालघर (मराठी) आणि कर्नाटकातल्या यादगीर (कन्नड) जिल्ह्यांतल्या मुलांवरचा. पालघरमध्येच निलेश निमकरांची 'क्वेस्ट' ही संस्था आहे, शिक्षकांबरोबर मराठीतून काम करते. एम.ए.च्या आधी तिथे विचारा.

धागाकर्ती:
माडाबुडी, आज करून पाहिलं. फळ्यावर लिहिलं, "विहिरीत पाल आहे." चित्र नाही. पठ्ठ्याने 'पाल'वर बोट ठेवून सांगितलं, "उदक." 'वि' आणि 'पा' एवढंच बघतो, पुढचं पाठ. म्हणजे साहेबांची फुली बरोबरच निघाली, फक्त ती मारण्यामागचं कारण चुकीचं. मी महिनाभर उगाच त्याची बाजू घेऊन मनातल्या मनात भांडत होते.

इग्नूचा फॉर्म भरतेय. लघुप्रबंध याच सतरा पोरांवर करीन. 'क्वेस्ट'ला आज मेल टाकते.

त्या मुलीलाही सांगितलं, विहीर म्हणजे बांय. तर म्हणते, "मागीर बांयच कित्याक बरोवंक ना?" (मग बांयच का नाही लिहिलं?) काय सांगू तिला? सुचलं तर इथे लिहा.