मूकपटांतली पडापडी: गंमत कशाने टिकते, कशाने मरते? (अनुभव धागा)

दोन रिळांचे विनोदी मूकपट आजची पोरंही खिदळत पाहतात. दाखवणारे, संकलन करणारे, संगीताची साथ करणारे, सगळ्यांनी लिहा. आठवणी नकोत, कारागिरी सांगा.

प्रोजेक्शनवाला
आधी वेग. ३५ मिमीच्या एका फुटात १६ फ्रेम्स, १००० फुटी रिळात १६,०००. सेकंदाला १६ने ते १६ मिनिटं ४० सेकंद चालतं, २४ने, म्हणजे बोलपटाच्या वेगाने, जेमतेम ११ मिनिटं. म्हणून बोलपटाच्या वेगाने लावलं की माणसं मुंग्यांसारखी पळतात. पण १६चाही हट्ट नको. पाठलागाला कॅमेऱ्याचं हँडल मुद्दाम हळू फिरवत, पडद्यावर जरा जलद दिसावं म्हणून. १९२०नंतरचा लघुपट असेल तर १८वर सुरू करा, २२पर्यंत चढत जा. नजर साध्या चालण्यावर ठेवा, पाठलागावर नको.

संकलक
मूकपटांतला विनोदवीर बस्टर कीटनचा 'वन वीक' (१९२०) घ्या. सुट्या भागांचं घर, खोक्यांवरचे आकडे कुणीतरी बदललेले, त्यामुळे सगळं वाकडं उभं राहतं. वादळात ते गरगरतं, कारण खरोखरच फिरत्या चकतीवर बांधलेलं होतं. शेवटी घर रुळांवर अडकतं. गाडी धडधडत येते आणि शेजारच्या रुळावरून निघून जाते! हुश्श म्हणावं तोच उलट दिशेची गाडी घराचा चुराडा करते. कॅमेरा लांब, पूर्ण घर चौकटीत. इथे चेहऱ्याचा क्लोजअप घुसडला असता तर सगळं फुकट गेलं असतं.
आणि कृपा करून मूकपटाचं ४:३ चित्र आजच्या रुंद १६:९ पडद्यावर ताणून भरू नका. कडेला काळ्या पट्ट्या राहू द्या. पडदा भरायला वरून-खालून कापलंत तर पाव उंची जाते, आणि पाय घसरतो तो नेमका त्या पाव भागात.

नाटकवाली
लॉरेल-हार्डीचा 'बिग बिझनेस' (१९२९) म्हणजे सवाल-जवाब. एकजण मोडतोड करतो, समोरचा शांत उभा राहून बघतो, मग त्याची पाळी. पोलीससुद्धा गाडीत बसून टिपणं घेतो. स्नेहसंमेलनात हेच करताना सगळे एकदम तुटून पडतात आणि नुसता गोंगाट उरतो. वार झाला की मनात दोन आकडे मोजा, नुकसान पुरतं पाहा, मगच हात उचला.

पेटीवाला
प्रत्येक आपटीला सूर मारू नका. पाय केळीच्या सालीवर पडला की भाता थांबवा. प्रेक्षक हसू लागले की हळूच षड्जावर या. हसू ओसरेपर्यंत नवी चाल नको.