मदत हवी आहे: २७ एप्रिल, आफ्रिकेचा दिनविशेष

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या आमच्या वाचनालयात दारालगतच्या फळ्यावर रोज दिनविशेष लिहितो, वर मराठी, खाली कन्नड. पोरांनी हट्ट धरलाय, एक दिवस नुसत्या आफ्रिकेचा पाहिजे. मी २७ एप्रिल धरला. १९६० ला टोगो फ्रान्सच्या अमलातून मोकळा झाला, १९६१ ला सिएरा लिओन ब्रिटिशांच्या. १९९४ ची दक्षिण आफ्रिकेची निवडणूक तर सगळ्यात वर: सर्व वंशांच्या लोकांनी पहिल्यांदाच एकत्र मतदान केलं आणि पुढं मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले. पण मतदान २६ ते २९ असं चाललं होतं. तिथं सुट्टी २७ लाच असते, मग फळ्यावर नुसतं '२७' लिहिलं तर चालेल का?

दुसरं, १८०५ मध्ये याच दिवशी अमेरिकी मोहिमेनं आताच्या लिबियातलं डेर्ना जिंकलं. इजिप्तहून वाळवंट तुडवत गेलेले लोक, गोष्ट झकास. पण ती आफ्रिकेची म्हणायची की अमेरिकेची? मला तरी ती खाली बारीक अक्षरात ठेवावीशी वाटते.

१९६० च्या आधीचं, आफ्रिकी लोकांनी स्वतः घडवलेलं या तारखेचं काही ठाऊक असेल तर सालासकट सांगा. फळ्यावर अजून दोनच ओळी मावतील.