मदत हवी आहे: जपानला आईचं नेब्युलायझर चालेल का?

निघायला अजून तीन आठवडे आहेत पण बॅग आत्ताच हॉलमध्ये उघडी पडलीये, रोज एक वस्तू आत जाते आणि दोन बाहेर येतात. बाकी सगळं जमलंय, गाडी अडलीये ती नेब्युलायझरपाशी (औषधाचे तुषार करून श्वासातून देणारं यंत्र). कॉम्प्रेसरवालं, टेबलावर ठेवायचं आहे, लेबलवर 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, 150 व्हीए असं छापलंय. तिकडे 100 व्होल्ट, आणि गंमत म्हणजे टोकियोत 50 हर्ट्झ तर क्योटो-ओसाकाला 60 (एकाच देशात!) आणि आम्ही दोन्हीकडे जाणार.

फोन-लॅपटॉपच्या चार्जरवर 100-240 लिहिलंय, त्यांना दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर पुरेल, तेव्हा प्लीज नुसता अडॅप्टर सुचवू नका, त्याने व्होल्टेज बदलत नाही. कंपनीला मेल केला, उत्तर नाही. दुकानदार म्हणतो स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर घ्या, पण त्याने व्होल्टेज वाढलं तरी हर्ट्झ तेवढेच राहणार ना, वर तो धोंडा बॅगेत घालून फिरायचं. यूएसबीवरचं छोटं मेश नेब्युलायझर (बारीक जाळीतून तुषार सोडणारं) बघितलंय, पण आईला बुडेसोनाइड (श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड) लागतं, ते सस्पेन्शन (न विरघळलेले कण असलेलं द्रव) असल्याने जाळी तुंबते असं एकाने सांगितलं. इनहेलर तिला नीट ओढता येत नाही, डॉक्टरांना विचारून झालंय, औषधांची चिठ्ठीही तयार आहे.

तर कुणी 50 हर्ट्झचं कॉम्प्रेसर नेब्युलायझर ट्रान्सफॉर्मर लावून 60 हर्ट्झवर रोज दोनदा, दहा-दहा मिनिटं चालवलंय का, की बुडेसोनाइडसाठी मेशवालं खरंच वापरून बघितलंय कुणी?