खिडक्या बदलायला खरंच किती गेले? अनुभव लिहा

गाव आर्णीच्या बाजूचं, जिल्हा यवतमाळ. घर वडिलांनी १९८७ साली बांधलं. सागाच्या पाच खिडक्या आहेत, त्यातल्या तीन चौकटींना उधई (वाळवी) लागली. तालुक्याला तीन दुकानं फिरलो, अ‍ॅल्युमिनियम स्लायडिंगचे तिघांचे तीन भाव: स्क्वेअर फुटाला २८०, ३४० आणि ४२०. माप तेच, खिडकी तीच. ज्यांनी गेल्या दोन-तीन वर्षांत हे काम केलं त्यांनी हिशेब टाका. "परवडते", "महाग पडते" असं मोघम नको, आकडा हवा.

दारव्ह्याकडून

भावातला फरक सेक्शनच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीच्या, जाडीचा असतो. दुकानदाराला म्हणा, पट्टी कापून दाखव. स्वस्तवाली बोटानं दाबली तरी वाकते. काच किती एमएमची, जाळीचा ट्रॅक धरलाय की नाही, हेही त्याच भावात लपलेलं असतं.

मी चार खिडक्या केल्या, ३६० च्या भावानं. माप ३ फूट १० इंच चौरस, बिलात लावलं ४ बाय ४. विचारलं तर "पूर्ण फुटातच धरतो" म्हणे. चार खिडक्यांत पाच चौरस फुटांहून जास्त हवेचे पैसे दिले, १,८८० रुपये. ६४ फुटांचे झाले २३,०४०, पक्कं बिल मागितलं म्हणून १८ टक्के जीएसटी ४,१४७.

आता खरा खर्च ऐका. जुने गज लाकडी चौकटीतच ठोकलेले असतात. चौकट गेली की गजही गेले. हे आमच्या ध्यानातच नव्हतं. चार ग्रिल, ६० किलो, १२० रुपये किलोनं ७,२००. मिस्त्री-मजूर दोन दिवसांचे २,८००, सिमेंट-रेती १,५००. घरी सांगितलं होतं २५ हजार, गेले ३८,६८७. रंगाचे अजून धरलेच नाहीत.

आणखी एक. आमच्याकडे भाव येईपर्यंत कापूस घरातच असतो, पार खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत. त्याचे तंतू खालच्या ट्रॅकमध्ये बसतात, चाकाला गुंडाळतात, आणि खिडकी जाम. फेब्रुवारीत मी हेअरपिन घेऊन ट्रॅक कोरत बसलो होतो. कापसाच्या खोलीला स्लायडिंग करू नका.

हिंगणघाटच्या इकडून

आमी फसलो ते कूलरपायी. जुनी खिडकी तीन फूट रुंद, दोन्ही पल्ले पुरे उघडत, कूलरचं तोंड बरोबर बसे. टू-ट्रॅक स्लायडिंग (दोन काचा, एकीमागं एक सरकणाऱ्या) केली, अन् एप्रिलात कूलर लावाले गेलो तं खिडकी निम्मीच उघडते. दीड फूट! कूलरचं तोंड दोन फुटाचं. दुकानदार म्हणे थ्री-ट्रॅक कराले पाहिजे होतं. पण राजेहो, तो तिसरा ट्रॅक त बहुतेक मच्छरजाळीचा असते, त्यानं उघडी जागा कुठी वाढते? शेवटी एक काच काढून पलंगाखाली ठेवली, बाकीच्या जागेले प्लाय ठोकला, ६५० रुपये. बाबा रोज म्हणते, "पैसे देऊन खिडकी लहान करून घेतली."

कूलरवाली खिडकी उघडणाऱ्या पल्ल्याचीच ठेवा भाऊ.

दर्यापूर

आमची जमीन काळी, घरही त्याच मातीवर. डिसेंबरात खिडकी बसवली तेव्हा एका बोटानं सरकायची. जुलैत अडकली. फॅब्रिकेटरनं (खिडकी बनवून बसवणाऱ्यानं) गुण्या, म्हणजे काटकोन पाहायचं साधन, लावून दाखवला, वरचा कोपरा चार सूत (अर्धा इंच) उतरलेला. माती पावसात फुगते, उन्हात आकसते, भिंत तिच्यासोबत हलते. लाकडी पल्ला असता तर रंधा मारून भागलं असतं. अ‍ॅल्युमिनियमला रंधा कुठला मारता? काढून पुन्हा बसवायचे १,२०० गेले. आता कडेनं फट सोडून सिलिकॉन भरलंय. भिंतीला भेग असेल तर आधी तिचं पाहा.

ब्रह्मपुरीजवळून

घरकुलाचे पैसे हप्त्याहप्त्यानं येतात, खिडकीपर्यंत पोचता पोचता काही उरत नाही. आम्ही सिमेंटची तयार चौकट आणि लोखंडी पल्ला घेतला, १,९०० ला एक, अशा दोन. स्वस्त पडल्या. पण मे महिन्यात दुपारी त्या पल्ल्याला हात लावून पाहा. आई गोणपाट ओलं करून खिडकीवर टांगते, तासाभरात ते पापडासारखं कडक.

धारणी

इथं वानरं. काच असलेली खिडकी म्हणजे त्यांना आरसा, स्वतःला पाहून धपाधप मारतात. दोन काचा गेल्या, ७०० प्रत्येकी. बाहेरून जाळी मारली तेव्हा थांबलं.

परतवाडा

मी उलटं सांगतो, बदलू नका. आमच्याही चौकटीला उधई होती. सुतारानं पटाशीनं टोचून पाहिलं, पोकळ फक्त खालची आडवी होती, उभ्या दोन्ही ठणठणीत. तेवढी नवी सागाची टाकली, भिंतीत भोकं पाडून औषध सोडलं, तीन खिडक्यांचे मिळून ७,८००. फॅब्रिकेटर आधी म्हणाला होता, "जुनं सामान आम्हीच उचलून नेऊ, त्याचे पैसे नको." उपकार करत होता बिचारा! चाळीस वर्षांचा मुरलेला साग फुकट. तुम्ही बदलल्याच तर पल्ले घरीच उतरवून घ्या.

पुन्हा आर्णी, धागा काढणारा

काल सुतळी घेऊन पाचही खिडक्यांचे कर्ण मोजले. दोन खिडक्यांत अर्ध्या इंचाचा फरक निघाला, म्हणजे त्या तिरक्या झाल्यात, दर्यापूरवाल्यांचं दुखणं आमच्याकडेही आहे. मग पटाशीनं चौकटी टोचल्या. तिघींपैकी एकच पूर्ण गेलीय, पटाशी मुठीपर्यंत आत गेली आणि भुसा सांडला. तेवढीच अ‍ॅल्युमिनियमची करतो, मापाचे इंच धरून बिल देणाऱ्याकडून. बाकी दोघींसाठी सोमवारी सुतार येतोय. त्यातली एक कूलरची आहे, तिला हात लावायच्या आधी आईनं कूलर मध्ये ठेवून पाहायला सांगितलंय.